सतरा पूर्ण असावीत

आमच्या भाचीने जन्माला यायला आणखी पाच दिवस लावले असते, तर हा लेख लिहायची वेळच आली नसती. ती 27 डिसेंबर 2008 ला नाशिकरोडला जन्मली. दवाखान्याच्या व्हरांड्यात आम्ही सगळे ती कुणावर गेली, नाक कुणाचं, रंग कुणाचा यावर तासभर बोललो. वैद्यकीय प्रवेशाच्या पात्रतेचा विषय कुणीच काढला नाही. आता वाटतं, त्या दिवशी बोलण्यासारखं तेवढंच होतं.

नियम असा आहे की ज्या वर्षी एमबीबीएसला प्रवेश घ्यायचा, त्या वर्षीच्या 31 डिसेंबरपर्यंत उमेदवाराची सतरा वर्षं पूर्ण झालेली असावीत. भाची 2025 साली बारावी झाली. तिला सतरा पूर्ण होणार 27 डिसेंबरला. म्हणजे दार लागायला चार दिवस उरले असताना ही आत सरकली. त्यात कॉलेज काही डिसेंबरपर्यंत थांबत नाही. ते त्याआधीच सुरू होतं, तेव्हा हिचं वय सोळा वर्षं नऊ महिने. घरात तिला अजून 'बाळ' म्हणतात. 'आमच्या बाळाला एमबीबीएस मिळालं' असं माझ्या आईने पहिल्यांदा फोनवर सांगितलं, तेव्हा पलीकडून आवाज आला, 'अगं बाई! मग कुठल्या डॉक्टरांना दाखवलंत?'

वयाच्या बाबतीत इतका काटेकोरपणा आमच्या घराण्यात नवीन आहे. माझे वडील, दोन काका आणि एक आत्या, चौघंही 1 जूनला जन्मले. खरी गोष्ट अशी की निफाड तालुक्यातल्या आमच्या गावी पोराला शाळेत घालायला नेलं, की मास्तर त्याला उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला सांगत. बोटं कानाला पोचली की पोरगं सहा वर्षांचं. नाही पोचली तर 'पुढच्या वर्षी आणा'. शाळा जूनमध्ये उघडे, म्हणून जन्मही जूनमध्ये. ही सगळी मंडळी पुढे सरकारी नोकरीत लागली आणि 31 मेला निवृत्त झाली. मे अखेरीला हार-नारळवाल्यांचा सीझन असतो तो यांच्यामुळे. माझ्या वडिलांचे हात मुळातच लांब. त्यामुळे ते कागदावर वर्षभर मोठे ठरले आणि निवृत्तही वर्षभर आधी झाले. हात लांब असल्यामुळे नुकसान झालेला सरकारी नोकर मी तो एकच पाहिला.

भाचीला शाळेत लवकर घातलं त्यात हुशारीचा काही संबंध नव्हता. ताई नोकरी करते, दाजींची पाळी असते आणि ज्या काकू मुलीला सांभाळत त्या अचानक सुनेच्या बाळंतपणाला ठाण्याला निघून गेल्या. ताईने हिला सरळ युनिफॉर्म चढवला. 'एक वर्ष तरी सुटलं' हे तिचं तेव्हाचं वाक्य आजही माझ्या कानात आहे. भाची दहा वर्षं प्रार्थनेच्या रांगेत सर्वांत पुढे उभी राहिली आणि स्नेहसंमेलनात कायम ससा झाली. त्या काकूंच्या सुनेला तेव्हा बाळ झालं नसतं, तर ही मुलगी आज बारावीत असती.

मग नीट आली. या परीक्षेने मराठी माणसाचा एक चांगला, रोजच्या वापरातला शब्द काढून घेतला आहे. 'नीट बस' म्हटलं की भाची म्हणायची, 'बसणारच आहे, 4 मेला.' 'नीट जेव', 'नीट बोल', 'केस नीट बांध' ही वाक्यं ताईने दोन वर्षं उच्चारली नाहीत, कारण त्यावर लगेच मॉक टेस्टचे मार्क निघत. आमच्या शेजारच्या दुकानात 'पंखा नीट करून मिळेल' अशी पाटी आहे. ती वाचून दाजी एकदा थबकलेले मी स्वतः पाहिले.

परीक्षा 720 मार्कांची, 180 प्रश्न, 180 मिनिटं. बरोबर आलं तर चार मिळतात, चुकलं तर एक जातो, सोडून दिलं तर शून्य. दाजींना हे शेवटपर्यंत पटलं नाही. 'काही न करणाऱ्याला शून्य आणि काही करायला गेला त्याला दंड? म्हणजे नोकरीतलं शिक्षण इथूनच सुरू.' दाजी नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये आहेत, त्यांना अनुभव आहे.

कॉलेज रोड आणि गंगापूर रोडवरून जून-जुलैत गेलात तर तुम्हाला क्लासेसचे फ्लेक्स दिसतील. पासपोर्ट फोटो एकमेकांना चिकटवून लावलेले असतात. वर दोन मोठे, खाली लहान लहान होत गेलेले. आमच्या जिल्ह्यात द्राक्षांचा घड कसा दिसतो हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे फ्लेक्स करणाऱ्याला डिझाइन वेगळं समजवावं लागत नाही. भाचीचा फोटो अशाच एका घडात खालून दुसऱ्या ओळीत लागला. ताई संध्याकाळी भाजीच्या निमित्ताने तिथून तीनदा गेली. त्या वर्षी फिजिक्सच्या पेपरने भल्याभल्यांना रडवलं होतं, त्यामुळे खालून दुसरी ओळसुद्धा मानाची.

कॅप राउंडमध्ये नंबर लागला तो धुळ्याला, सरकारी मेडिकल कॉलेजात. ही बातमी आल्यावर आईने विचारलं, 'म्हसरूळला एवढं मोठं विद्यापीठ आहे, मग बाळ धुळ्याला कशाला?' हा प्रश्न बाहेरच्या माणसाला भाबडा वाटेल, पण नाशिककराच्या वर्मावर बोट ठेवणारा आहे. 1998 पासून महाराष्ट्राचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आमच्याकडे आहे. मुंबई असो की गोंदिया, डॉक्टर होणाऱ्या पोराचा पेपर आमच्या गावाच्या नावाने निघतो. पण गावात सरकारी मेडिकल कॉलेज म्हणाल तर ते 2024 च्या ऑक्टोबरपर्यंत नव्हतं. म्हणजे पंगतीचं आमंत्रण आमच्या घरून, भांडी आमच्या घरची आणि जेवण शेजारी. आडगावला डॉ. वसंतराव पवार कॉलेज 1990 पासून आहे, पण ते खासगी आणि त्याची फी दाजी छापतात तेवढ्या नोटांत बसते, घरी आणतात तेवढ्या नोटांत नाही. नव्या सरकारी कॉलेजात हिचा नंबर लागला नाही. राहिलं धुळं. 'कॉलेजला नाव भाऊसाहेब हिऱ्यांचं आहे, म्हणजे आपल्या मालेगावकडच्या माणसाचं,' असं मी आईला सांगितलं. तेवढ्यावर तिने धुळ्याला निम्मी मान्यता दिली.

उरलेल्या निम्म्या मान्यतेसाठी रविवारी आमच्याकडे, पंचवटीत, बैठक बसली. विषय एकच: मुलीला आत्ता, सोळाव्या वर्षी, मेडिकलला धाडायचं की एक वर्ष थांबवायचं? कॉलेजात हजर व्हायला हातात तीन दिवस होते. मिसळ आली, रस्सा वेगळ्या डब्यात आला, पाव जास्तीचे आले. मुलगी आतल्या खोलीत झोपली होती. तिला उठवू नका असं सगळ्यांनी एकमेकांना बजावलं, कारण तिच्या भवितव्याचा प्रश्न होता.

पहिला दाखला आईने काढला आणि तो अर्थातच आनंदीबाई जोशींचा. 'त्या अठराव्या वर्षी बोटीत बसून अमेरिकेला गेल्या. हिला एसटीत बसून धुळ्याला जायचंय.' आईने त्यांच्यावरचा 2019 चा सिनेमा दोनदा पाहिला आहे आणि दोन्ही वेळा रडली आहे, त्यामुळे तिच्या बोलण्याला वजन होतं. मुद्दाही बिनतोड. निघण्यापूर्वी फेब्रुवारी 1883 मध्ये आनंदीबाईंनी श्रीरामपूरला (आपल्या शेजारच्या नव्हे, बंगालमधल्या) जाहीर भाषण केलं आणि लोकांच्या शंका एकेक करून घेतल्या. इथेच का शिकत नाहीस, एकटी का जातेस, परत आल्यावर जातीबाहेर टाकलं तर काय करशील. त्या यादीत 'तू अजून लहान आहेस' ही शंका नव्हती. नवव्या वर्षी लग्न झालेलं, चौदाव्या वर्षी बाळंतपण, ते मूल दहा दिवसांत गेलेलं. अठराव्या वर्षी त्या बाईला लहान कोण म्हणणार? आमची भाची त्या सकाळी मोज्याचा दुसरा पाय सापडत नाही म्हणून एक मोजा घालून झोपली होती.

'पुढचं सांगा की,' शेजारचे काका म्हणाले. हे काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले (31 मेला) आणि त्यानंतर सार्वजनिक वाचनालयात राहायला गेले, फक्त झोपायला घरी येतात. 1840 साली सुरू झालेलं ते वाचनालय पहिल्या कपाटापासून वाचायचं त्यांनी ठरवलं आहे. ते म्हणाले, 'मार्च 1886 ला पदवी घेतली. कोल्हापूरच्या दवाखान्यात नेमणूक झाली. आणि फेब्रुवारी 1887 ला पुण्यात गेल्या. बावीसही पूर्ण नव्हती. इथला एक पेशंट तपासायला मिळाला नाही.'

आई गप्प झाली. पावाचा तुकडा तिने परत ताटलीत ठेवला.

'आता दुसरी बाजू ऐका,' काका म्हणाले. 'डॉक्टर रखमाबाई. जन्म नोव्हेंबर 1864, म्हणजे आनंदीबाईंपेक्षा चार महिन्यांनी मोठ्या. एकाच वर्गात बसल्या असत्या. पण लंडनला मेडिकलला गेल्या त्या 1889 ला, पंचविशीच्या तोंडावर. 1894 ला डॉक्टर. सुरत, राजकोट, तीस-पस्तीस वर्षं बायकांचे दवाखाने चालवले. वारल्या 1955 ला. नव्वद वर्षं! घाई केली नाही, टिकल्या.'

काकांचं वाचन दांडगं, पण निष्कर्ष पाटबंधारे खात्याचे. पाणी उशिरा सोडलं की जास्त दिवस पुरतं, असं काहीतरी. आनंदीबाई क्षयाने गेल्या. क्षय काही मार्कशीटवरची जन्मतारीख बघून येत नव्हता. आणि रखमाबाईंनी कुठे विचार करून एक वर्ष ड्रॉप घेतला होता? अकराव्या वर्षी लावून दिलेल्या लग्नाला त्या नाही म्हणाल्या, म्हणून नवऱ्याने 1884 ला खटला भरला. 1887 ला मुंबई हायकोर्टाने सांगितलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. बाई म्हणाल्या, तुरुंगात जाते. 1888 ला पैसे मोजून प्रकरण मिटलं, तेव्हा कुठे लंडनची वाट मोकळी झाली. त्यांचा ड्रॉप क्लासमध्ये नाही, हायकोर्टात गेला.

एकूण मराठी घरात मुलीच्या वयावरून वाद घालणं ही जुनी हौस आहे. 1891 ला संमतिवय दहाचं बारा करायला निघाले तर पुण्यात सभा उधळल्या गेल्या. आज सोळाची मुलगी हॉस्टेलला जाणार म्हणून पंचवटीत मिसळ थंड होते. तेवढं आपण पुढे आलो.

एव्हाना फॅमिली ग्रुपवर बातमी फुटली होती. न्यू जर्सीच्या चुलतभावाने बालमुरली अंबाटींचा फोटो टाकला. हे गृहस्थ 1995 साली न्यूयॉर्कमध्ये वयाच्या सतराव्या वर्षी डॉक्टर होऊन गिनीज बुकात गेले. म्हणजे आमची मुलगी ज्या वयात प्रवेशाला पात्र होते, त्या वयात ते प्रिस्क्रिप्शन लिहायला पात्र झाले. खाली चुलतभावाने 'जस्ट सेइंग' लिहिलं होतं. अमेरिकेतल्या नातेवाइकांना नुसतं म्हणायला काय जातं! त्यावर पुण्याच्या मावसबहिणीने ओडिशातल्या निवृत्त बँक अधिकाऱ्याची बातमी टाकली. ते 2020 साली चौसष्टाव्या वर्षी नीट पास होऊन सरकारी कॉलेजात पहिल्या वर्षाला बसले. 2022 पासून तर वरच्या वयाची अट अधिकृतपणे उठलीच आहे. खाली सतराचा उंबरठा, वर छप्पर नाही.

ही बातमी वाचल्यावर दाजी बराच वेळ बोलले नाहीत. त्यांच्या निवृत्तीला तीन वर्षं आहेत. ताईने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि फोन काढून घेतला.

मग दाजींनी तोच जोर हिशेबाकडे वळवला. मिसळीच्या पार्सलवरच्या वर्तमानपत्राच्या समासात त्यांनी आकडे मांडले. एमबीबीएस साडेचार, इंटर्नशिप एक. एमडी तीन. पुढे सुपरस्पेशालिटी तीन. एकूण साडेअकरा. 'आणि सहा महिने फॉर्म भरण्यात जातात,' ताई म्हणाली. तिने ते भरले होते.

'बारा,' दाजी म्हणाले आणि थांबले. सगळ्यांच्या डोक्यात एकच गोष्ट आली. नाशिकमध्ये बारा वर्षं असं कुणी म्हणत नाही, एक सिंहस्थ म्हणतात. 2015 च्या सिंहस्थात भाची सहा वर्षांची होती. माझ्या खांद्यावर बसून तिने रामकुंडावरची गर्दी पाहिली होती आणि 'एवढे सगळे लोक अंघोळ न करता आले?' असं मोठ्यांदा विचारलं होतं. आता 2027 चा येतोय. आत्ता सुरू केलं तर शिक्षण संपेल 2037 ला. एक वर्ष थांबली तर 2038 ला. म्हणजे कसंही केलं तरी 2039 च्या सिंहस्थाच्या आत मोकळी. या हिशेबाने खरं तर वाद संपायला हवा होता. पण आईने हळूच विचारलं, 'मग लग्न कुठल्या पर्वणीला धरायचं?' आणि वाद नव्याने सुरू झाला.

तेवढ्यात आमचे फॅमिली डॉक्टर आले. ते वास्तविक आईचं ब्लड प्रेशर बघायला आले होते. ते वाढलेलं निघालं. कारण कळल्यावर तेही बसले. म्हणाले, 'अभ्यासाचं सोडा, पोरं करतात. अडचण पुढे येते. मी चोविसाव्या वर्षी दवाखाना टाकला. पेशंट आत यायचा, माझ्याकडे बघायचा आणि विचारायचा, मोठे डॉक्टर कधी येतात? मी सांगायचो, पाच वाजता. मग पाचला तोच शर्ट बदलून बसायचो. सहा महिने असे काढले. शेवटी मिशी ठेवली, तेव्हा प्रॅक्टिस लागली.' सगळ्यांनी आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. मिशीचा मार्ग तिथे बंद होता. 'चष्मा चालेल,' डॉक्टरांनी धीर दिला. 'नंबर नसला तरी.'

साडेबाराला मुलगी उठून बाहेर आली. एका पायात मोजा होता. उरलेला रस्सा तिने वाटीत ओतून घेतला, पाव घेतला आणि आम्ही सगळे तिच्याकडे का बघतोय हे विचारलं. दाजींनी प्रस्ताव मांडला. एक वर्ष थांब, वय वाढेल, जरा समज येईल, पुन्हा नीट देता येईल, कदाचित नाशिकलाच नंबर लागेल. क्लासवाल्यांकडे रिपीटरची वेगळी बॅच असतेच.

तिने घास संपवला. मग म्हणाली, 'पप्पा, त्या क्लासमध्ये जिवंत मुलांबरोबर आणखी एक वर्ष बसण्यापेक्षा मी धुळ्याला मेलेल्या माणसांबरोबर बसते.'

तीन तास चाललेली बैठक तिथे उठली.

कागदपत्रांचं मी थोडक्यात सांगतो, कारण त्या आठवणीने अजून चालू झेरॉक्स मशीनचा वास येतो. प्रत्येक ठिकाणी 'विद्यार्थ्याची सही' आणि त्याखाली 'पालकाची सही'. अठरा पूर्ण नसलेल्या माणसाने केलेल्या कराराला कायदा विचारत नाही, त्यामुळे वरची सही शोभेची आणि खालची कामाची. डॉक्टर झाल्यावर एक वर्ष सरकारी सेवा करीन, नाहीतर दहा लाख भरीन, असा बाँड असतो. दाजींनी आयुष्यभर नोटांच्या कारखान्यात काम केलं, पण दहा लाखांच्या कागदावर सही करताना त्यांचा हात पहिल्यांदा थरथरला. भाचीला मात्र वेगळंच खटकत होतं. ताईची अ‍ॅक्टिव्हा धुळ्याला न्यायची तिची फार इच्छा होती. पण लायसन्स अठराला. सोळाला मिळतं ते पन्नास सीसीच्या आतल्या बिनगिअरच्या गाडीचं, आणि अ‍ॅक्टिव्हा तिच्या दुपटीहून मोठी. 'म्हणजे मी माणूस कापू शकते, पण माणूस कापायला गाडीवरून जाऊ शकत नाही,' ती म्हणाली. सरकारी धोरणावर इतकी नेमकी टीका मी बऱ्याच दिवसांत ऐकली नव्हती.

चांदवड, मालेगाव करत आम्ही तिला धुळ्याला सोडलं. ताई हॉस्टेलच्या फाटकाशी रडली. दाजी रडले नाहीत, ते परतीच्या वाटेवर मालेगावला चहा घेताना रडले. मुलीने वळून पाहिलं आणि विचारलं, 'चार्जर दिलाय ना?'

ती दिवाळीला आली तेव्हा बरोबर एक जड कापडी पिशवी होती. एसटीत शेजारच्या बाईने विचारलं म्हणे, 'शेवग्याच्या शेंगा का गं?' ही हो म्हणाली. पिशवीत बोन सेट होता. पहिल्या वर्षाची मुलं सीनियरकडून हाडांचा संच घेतात. हल्ली बरेच प्लॅस्टिकचे असतात, पण हिला मिळाला तो खरा होता, तीन-चार बॅच हाताळून पिवळसर गुळगुळीत झालेला, काही हाडांवर आधीच्या कुणीतरी स्केचपेनने केलेल्या खुणा. तिने तो आमच्या हॉलमध्ये सतरंजीवर मांडला. शेजारी फराळाचे डबे होते.

आईने ते पाहिलं आणि माझ्या पोटात गोळा आला. सोवळं-ओवळं, सूतक, दिवाळीचा सण, देवघर चार पावलांवर. आई जवळ आली, खाली बसली आणि विचारलं, 'कुणाची गं ही?'

'माहीत नाही आजी.'

'बाईची की पुरुषाची?'

'या एका हाडावरून नाही सांगता येत मला अजून. पुढे शिकवतील.'

आईने हात जोडले, मग भाचीला म्हणाली, 'तूही नमस्कार कर. रोज उघडताना करत जा.' तिने केला. मग आईने कोपऱ्यातली चकल्यांची परात उचलून आत नेली आणि जुनी धुवट साडी आणून सतरंजीवर अंथरली. तो संच आता त्या साडीत गुंडाळलेला असतो.

भाचीने एक हाड उचलून माझ्या हातात दिलं. वीतभरापेक्षा लहान, इंग्रजी एससारखं हलकं वळण घेतलेलं, टोकाला एका बाजूने जाड, दुसऱ्या बाजूने चपटं. 'क्लॅव्हिकल,' ती म्हणाली. 'गळ्याखालचं हे.' तिने माझ्याच गळ्याखाली बोट टेकवलं. 'आधी सांग, उजवं की डावं?' मी दोन्ही बाजूंनी धरून पाहिलं आणि चुकलो. आमच्या पूर्ण वयाच्या घरात ते एकालाही सांगता आलं नाही. काकांनी तर दोन्ही उत्तरं देऊन पाहिली. दाजींनी निगेटिव्ह मार्किंगच्या भीतीने उत्तरच दिलं नाही.

'मामा, वय काढायचं असेल ना, तर हे हाड बघतात,' ती म्हणाली. 'आईच्या पोटात सगळ्यात आधी हेच हाड व्हायला लागतं, पाचव्या-सहाव्या आठवड्यात. आणि पूर्ण होतं सगळ्यात शेवटी. हे छातीकडचं टोक बघ, जुळलंय ना? म्हणजे हा माणूस विशीच्या बराच पुढचा. तुमच्या सगळ्यांची जुळलीत. माझं अजून सुटंच असेल.'

आईने आपल्या गळ्याखाली चाचपून पाहिलं. मीही पाहिलं. दाजींनी पेपर वर धरला, पण त्यांचा एक हात पेपरामागे गेलेला मला दिसला. काकांनी मात्र उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरून पाहिला आणि भाचीला विचारलं, 'आणि यावरून काय समजतं?'

'यावरून,' ती म्हणाली, 'तुमचा खांदा आखडला नाहीये एवढं समजतं.'

27 डिसेंबरला, शनिवारी, ती सतरा वर्षांची झाली. घरी आली नाही, खांद्याच्या हाडांची व्हायवा होती. ताईने सकाळी सहाला फोन केला, आईने सातला, दाजींनी आठला. तिने प्रत्येकाला 'नंतर बोलते' सांगितलं आणि संध्याकाळी सगळ्यांना एकदम व्हिडिओ कॉल केला. व्हायवा बरी गेली होती, उजवं-डावं बरोबर आलं होतं, मेसवाल्या मावशींनी शिरा केला होता. अ‍ॅक्टिव्हा ताईच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी आहे. लायसन्सला अजून एक वर्ष आहे.